सख्ख्या भावंडांचे आवाज एकमेकांत इतके का मिसळतात?

गुणगुण_मी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझी धाकटी बहीण, आमच्यात चार वर्षांचं अंतर. लहानपणापासून दोघी एकत्र गायचो. रीतसर असं फार शिकलो नाही, मी तीन वर्षं क्लासला गेले आणि ती माझा रियाज ऐकून ऐकूनच शिकली. तर झालं असं की मागच्या महिन्यात जुन्या मोबाइलमध्ये आमचं एक रेकॉर्डिंग सापडलं, आठेक वर्षांपूर्वीचं असेल, एकच मोबाइल मध्ये ठेवून दोघी आळीपाळीने गातोय. हेडफोन लावून ऐकत बसले. पहिलं कडवं माझंच आहे अशी मला शंभर टक्के खात्री होती, म्हणजे मनात मी स्वतःच्या चुका पण काढत होते की इथे सूर जरा उतरलाय, इथे शब्द तोडलाय वगैरे, आणि तेवढ्यात मागून माझं खोकणं ऐकू आलं. म्हणजे गात होती ती! मला माझा स्वतःचा आवाज ओळखता आला नाही. अंगावर काटा आला अगदी.

तर पहिला प्रश्न हा की हे नक्की कशामुळे होतं? रक्तातूनच येतं की एकत्र वाढल्यामुळे होतं?

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या कार्यक्रमात आम्ही गायलो आणि नंतर एकांनी कौतुक म्हणून तिला सांगितलं, "अगदी ताईची कॉपी आहेस." त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, पण त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर गायलेली नाही. एकटी गाते, दार लावून. मी बाहेर आले की थांबते. मला तिला परत बरोबर घ्यायचंय पण कसं विचारू ते कळत नाही. भावंडांनी मिळून गायलेली अशी गाणी सुचवा ना, जिथे दोघंही आपापल्या जागी उभे आहेत असं वाटतं, कोणी कोणाची सावली नाही. आधी ती गाणी तिला पाठवेन म्हणते.

खर्जातला

चांगला धागा. मी बरीच वर्षं हौशी कॉयरबरोबर (समूहाने गाणाऱ्यांबरोबर) काम करतोय त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर दर दुसऱ्या महिन्यात येतो, जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतात याला शब्दच आहे, ब्लड हार्मनी. रक्ताच्या नात्यातल्या लोकांनी मिळून गायलं की जो एक विशिष्ट गुळगुळीत आवाज तयार होतो तो. त्यातला रक्ताचा भाग खोटा नाही. स्वरयंत्र फक्त मूळ आवाज तयार करतं, त्याला 'तुमचा' आवाज बनवतात त्या घशापासून ओठापर्यंतच्या पोकळ्या, त्यांची लांबी, टाळूचा आकार, जबड्याची ठेवण. आणि नाक-डोळे जसे घरातून येतात तशी ही ठेवणही घरातूनच येते. जुळ्या भावंडांचा फोनवरचा आवाज बऱ्याचदा घरच्यांनाही ओळखता येत नाही तो त्यामुळेच.

पण माझ्या अनुभवात रक्तापेक्षा मोठा वाटा स्वरांच्या उच्चाराचा असतो, म्हणजे आ, ए, ओ हे तुम्ही तोंड किती उघडून आणि जीभ कुठे ठेवून म्हणता त्याचा. वीस अनोळखी माणसं कॉयरमध्ये आली की पहिला महिनाभर आम्ही दुसरं काही करतच नाही, सगळ्यांचा 'आ' एकसारखा करत बसतो. एकाचा 'आ' मोकळा आणि दुसऱ्याचा 'ऑ'कडे झुकलेला असला तर दोघंही सुरात असून आवाज फाटल्यासारखा वाटतो. भावंडांना ही मेहनत करावी लागत नाही कारण बोलायलाच ती एकाच घरात शिकलेली असतात. आणि तिसरी गोष्ट श्वास. तुमची बहीण ओळीत कुठे श्वास घेणार हे तुम्हाला तिच्या आधी माहीत असतं, खरं की नाही?

एव्हर्ली ब्रदर्स ऐका. डॉन आणि फिल, अमेरिकेतले दोघं गायक भाऊ. १९५७ च्या 'बाय बाय लव्ह'पासून सुरुवात करा. दोघं लहान असताना आईवडिलांबरोबर आयोवामध्ये रेडिओवर गायचे, म्हणजे अक्षरशः माइकसमोरच वाढलेले. डॉन सहसा मूळ चाल गातो आणि फिल वरून, बऱ्याचदा गंधाराच्या अंतराने, म्हणजे मूळ सुराच्या वरचा तिसरा सूर धरून. गंमत अशी की फिलची ओळ एकटी काढून गायलीत तर ती पण पूर्ण गाणं वाटते, साथ वाटत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

आणि रक्तच सगळं असतं तर सायमन आणि गारफंकल झालेच नसते. ते भाऊ नाहीत, शाळेतले मित्र. पण पोरवयात एव्हर्ली बंधूंच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून, एकमेकांच्या तोंडासमोर तोंड ठेवून, जीभ कुठे लागते ते बघत त्यांनी ते कमावलं. १९७० च्या त्यांच्या शेवटच्या अल्बममध्ये 'बाय बाय लव्ह' आहे, कार्यक्रमात गायलेलं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि सांगा रक्ताचं कुठलं आणि कमावलेलं कुठलं. मला ऐकून सांगता आलं नसतं.

जुनी_तबकडी

वरचा प्रतिसाद आवडला पण मी थोडी वेगळी बाजू मांडते.

आपल्याकडे भावंडं म्हटलं की मंगेशकर. आणि तिथे हे मिसळणं वगैरे गणित बसतच नाही! पाच भावंडं, एकच घर, एकाच वडिलांचं गाणं कानावर पडलेलं. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या आणि हृदयनाथ साडेचार. म्हणजे संस्कार एकच पण कोणाच्या वाट्याला किती आला ते वेगळं. आणि आवाज बघा. एकच वर्ष घेते, १९७७. 'जैत रे जैत'मध्ये महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, म्हणजे कवी तोच, संगीतकार भाऊ तोच, चित्रपट तोच. त्यात 'मी रात टाकली' लताबाईंचं आणि 'नभं उतरू आलं' आशाबाईंचं. त्याच वर्षी हिंदीत 'इनकार' आला, त्यात उषाबाईंचं 'मुंगळा'. तीन बहिणी, एक वर्ष. कोणीतरी डोळे मिटून ऐकावं आणि एकीला दुसरी समजून दाखवावं.

भावाने बहिणींचे आवाज कसे ओळखले होते ते मला 'जैत रे जैत' ऐकताना दर वेळी जाणवतं. 'नभं उतरू आलं'मध्ये आशाबाईंचा आवाज अंगाला लागतो, पावसाआधीची हवा लागते तसा, शब्दाच्या शेवटी त्या किंचित रेंगाळतात. ते गाणं लताबाईंनी गायलं असतं तर सुंदरच झालं असतं पण ते वर आकाशात राहिलं असतं असं मला आपलं वाटतं. संगीतकार परका असता तर कदाचित एकीलाच सगळी गाणी देऊन मोकळा झाला असता.

धागाकर्तीने दोघी एकत्र असलेलं मागितलंय तर १९८४ च्या 'उत्सव'मधलं 'मन क्यूं बहका' पाठवा बहिणीला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत, शब्द वसंत देव यांचे. लता आणि आशा. ओळ एकीकडून दुसरीकडे जाते, एकीने ठेवली की दुसरी उचलते. मोठी बहीण सरळ, रेशमाच्या धाग्यासारखी रेघ ओढते आणि धाकटी त्याच चालीत शब्दाला वजन देऊन, वळण देऊन जाते. कोणीच कोणासारखं व्हायचा प्रयत्न करत नाही आणि तरी ते एकाच घरातलं गाणं वाटतं. त्या गाण्यात धाकटी कोणाची कॉपी आहे असं म्हणायची हिंमत आहे का कोणाची?

आणि पाचही जणांचं एकत्र हवं असेल तर सावरकरांचं 'सागरा प्राण तळमळला'. कविता १९०९ ची, चाल हृदयनाथांची, आणि गायलंय पाचही भावंडांनी. सगळ्यात धाकट्याने चाल बांधायची आणि थोरल्या बहिणींनी गायची, हे मला त्या गाण्यातलं फार मोठं वाटतं.

मीनाबाईंना लोक विसरतात म्हणून मुद्दाम लिहिते, 'सांग सांग भोलानाथ'ची चाल त्यांची आहे आणि गाणाऱ्यांमध्ये त्यांची स्वतःची मुलं आहेत, योगेश आणि रचना. म्हणजे तिथे पुन्हा भाऊबहीण! ते गाणं निरागस वाटतं त्याचं अर्धं कारण हेच असणार की ती पोरं आधीपासूनच घरात एकत्र गात असणार.

साधासूर

+१ 'सागरा'साठी. शेवटी शेवटी सगळे आवाज एकत्र येतात तेव्हा मला अजूनही भरून येतं.

गुणगुण_मी

बापरे, इतके छान प्रतिसाद! @खर्जातला, श्वासाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी ते रेकॉर्डिंग परत लावलं. खरंच आहे, दोघींचा श्वास एकाच ठिकाणी आहे, तिसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथे खरं तर श्वास घ्यायला नको कारण शब्द तुटतो. ती चूक माझी, क्लासमध्ये पण मला त्यावरून बोलणी बसायची. आणि तिने ती चूक माझ्याकडून जशीच्या तशी घेतलीय. हे कळल्यावर मला कसंतरीच झालं. म्हणजे तिला कॉपी म्हणणाऱ्यांनी काहीतरी ऐकलं होतं नक्की, पण ती नक्कल नव्हती हो, तिच्यासमोर गाणारी दुसरी कोणी नव्हतीच.

@जुनी_तबकडी, 'मन क्यूं बहका' पाठवलं काल रात्री. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

दोनतारी

मी जरा कडू लिहितो, राग मानू नका.

एकत्र गाणाऱ्या भावंडांचं भांडण हे गाण्याइतकंच जुनं आहे. वर एव्हर्ली ब्रदर्सचं नाव आलं म्हणून सांगतो, जुलै १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कार्यक्रमात डॉन पिऊन आला होता, गाणं नीट होईना, शेवटी फिलने गिटार आपटून फोडली आणि स्टेजवरून चालता झाला. त्यानंतर दहा वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. दहा वर्षं! १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये परत आले. ते रेकॉर्डिंग ऐका, दहा वर्षं न गाता सुद्धा आवाज असा जुळलाय की मध्ये एक दिवस गेल्यासारखा वाटत नाही. खर्जातला म्हणतात ते श्वासाचं तिथे पटतं.

ओएसिस या ब्रिटिश बँडमधल्या दोन भावांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. नोएल गाणी लिहिणार, लियाम गाणार. २००९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कार्यक्रमाच्या आधी मागच्या खोलीत भांडण झालं आणि बँड तिथेच संपला. परत एकत्र स्टेजवर यायला २०२५ चा जुलै उजाडला. बी जीज या भावांच्या बँडमधला रॉबिन १९६९ मध्ये भावांना सोडून गेला होता, पुढच्या वर्षी परत आला. तो परत आला नसता तर पुढचं सगळं, १९७७ च्या 'सॅटर्डे नाइट फीव्हर' चित्रपटातली गाणी वगैरे, झालंच नसतं कदाचित. त्यांचं पण बघा, थोरल्या बॅरीचा तो प्रसिद्ध बारीक वरचा आवाज लहानपणापासूनचा नाही, १९७५ मध्ये मायामीला रेकॉर्डिंग चालू असताना निर्मात्याच्या सांगण्यावरून वर जाऊन ओरडून बघितलं आणि सापडला. म्हणजे वीस वर्षं भावांबरोबर गाऊन झाल्यावर त्याला स्वतःच्या गळ्यातला एक नवा आवाज सापडला! धाकटीला सांगा हे.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी आणि माझा मोठा भाऊ, तो गायचा आणि मी गिटार वाजवायचो. आमचं बिनसलं ते एका गाण्यावरून. चाल माझी होती, त्याने सगळ्यांसमोर 'आमची' म्हटलं. एवढंच. आज लिहिताना वाटतं की एवढ्याशा शब्दावरून, पण तेव्हा तो शब्द फार मोठा होता कारण माझ्या नावावर दुसरं काही नव्हतंच. सहा वर्षं आम्ही एकत्र वाजवलं नाही. मग एकदा त्यानेच फोन केला आणि काही न बोलता त्या गाण्याचा मुखडा गुणगुणला, मी इकडे गिटार घेऊन फोन स्पीकरवर टाकला. त्यावर पुढे कधी चर्चा झाली नाही.

त्यामुळे ताई, तुम्ही तिला 'आपण परत गाऊया' असं विचारू नका. 'तुझं काय चाललंय ते ऐकव' असं विचारा.

फिरती_सुई

दोनतारी, सुंदर लिहिलंय.

मी किशोर-अशोककुमारची एक गोष्ट टाकतो, भावंडं आणि गाणं म्हटलं की मला तीच आठवते. तिघं भाऊ, अशोक, अनुप, किशोर, १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'मध्ये एकत्र दिसतात ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीचं बघा. १९३६ मध्ये 'जीवन नैया' आला, तेव्हा नट स्वतःच गायचे, त्यात अशोककुमारने 'कोई हमदम ना रहा' गायलं. संगीत सरस्वती देवींचं. किशोर तेव्हा सहा-सात वर्षांचा. पंचवीस वर्षांनी, १९६१ च्या 'झुमरू'मध्ये, संगीत स्वतः किशोरचं, आणि त्यात त्याने मोठ्या भावाचं तेच गाणं परत गायलं. आज लोकांना किशोरचंच माहीत आहे.

दोन्ही ऐका लागोपाठ. अशोककुमार जपून गातो, तेव्हाच्या पद्धतीने, जरासा नाकातून, प्रत्येक शब्द स्वच्छ. किशोरने चाल तीच ठेवली पण लय सोडून दिल्यासारखी केली आणि आवाज खाली, छातीतून. धाकट्याने मोठ्याचं गाणं घेतलं आणि तरी त्यात मोठ्याची सावली औषधाला नाही. आणि हे पण की घेतलं ते मोठ्याचंच, दुसरं कुठलंही घेता आलं असतं.

पुढचं लिहायला जरा जड जातं. १३ ऑक्टोबर हा अशोककुमारचा वाढदिवस. १९८७ मध्ये त्याच दिवशी किशोर गेला. मोठ्या भावाने पुढची चौदा वर्षं काढली, २००१ पर्यंत.

शेंडेफळ

मी इथे सहसा लिहीत नाही पण हा धागा वाचून लॉगिन केलं. मी धाकटी आहे. तुमच्या बहिणीच्या जागेवरून लिहिते.

"ताईसारखी गातेस" हे वाक्य मी दहा-बारा वर्षं ऐकलं. सांगणाऱ्याला वाटतं मोठं कौतुक केलं. ऐकणाऱ्याला काय वाटतं सांगू? की मी गायले ते कोणी ऐकलंच नाही, माझ्यातून त्यांनी तिलाच ऐकलं. आणि यात सगळ्यात वाईट काय असेल तर ताईवर रागावता पण येत नाही, कारण तिने काहीच केलेलं नसतं. उलट तिच्यामुळेच तर गाणं आलं. मग माणूस दार लावून घेतं. ती तुमच्यावर रुसलेली नाहीये हो, ती आत बसून शोधत असणार, तुमच्याशिवायचा तिचा आवाज कुठे आहे ते. तुम्ही बाहेर आलात की थांबते कारण तुम्ही ऐकताय म्हटलं की गळा आपोआप जुन्या जागी जातो. माझा जायचा.

मला ज्या गोष्टीने मदत झाली ती अगदी साधी होती. ताईने एकदा मला सांगितलं, तू चाल बसव आणि मी तुझ्या मागे गाते. तोपर्यंत कायम ती पुढे आणि मी मागे. पट्टी माझी घेतली, तिच्यापेक्षा दोन सूर खाली. तिला तिथे त्रास होत होता, खालचे सूर लागत नव्हते नीट, आणि माझा आवाज तिथे मोकळा झाला. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी तिच्या पट्टीत गात होते म्हणून तिच्यासारखी वाटत होते! आवाज सारखा नव्हताच, जागा सारखी होती. @खर्जातला यांनी यावर लिहावं, मला शास्त्र माहीत नाही.

गाणी म्हणाल तर बिली आयलिश आणि फिनियस. मोठा भाऊ धाकटीबरोबर लिहितो, निर्मिती करतो, आणि स्वतः मागे राहतो. पहिला अल्बम जवळपास सगळा घरातल्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेला, २०१९ चा, आणि जानेवारी २०२० च्या ग्रॅमीमध्ये चारही मोठे पुरस्कार तिला. ती तेव्हा अठराची. मला त्यात आवडतं ते असं की ती जवळजवळ कुजबुजून गाते आणि भावाने त्या अल्बममध्ये तिला मोठ्याने गायला लावलेलं दिसत नाही, त्याने सगळं संगीत त्या कुजबुजीभोवती बारीक करून ठेवलंय. शांत खोलीत हेडफोनवर ऐका, श्वास घेतल्याचा, ओठ उघडल्याचा आवाज सुद्धा ठेवलाय. कोणीतरी आपलं इतक्या जवळून ऐकलंय याची जी भावना असते ती धाकट्यांना फार हवी असते.

कारपेंटर्स या भावाबहिणीच्या जोडीचं पण तसंच. रिचर्ड मोठा, बँड त्याचा, मांडणी त्याची, आणि कॅरन तर मुळात ड्रम वाजवायची. तिचा खालचा आवाज हेच आपलं सोनं आहे हे लवकर ओळखलं गेलं आणि गाणी त्याच पट्टीत आली. त्यांचा तो मागचा दाट कोरस असतो ना, तो म्हणजे ही दोघंच, एकावर एक थर देऊन रेकॉर्ड केलेली. कॅरन १९८३ मध्ये गेली, फक्त बत्तीस वर्षांची. मी तिचं काहीही लावलं की पूर्ण ऐकते, मध्ये बंद करवत नाही.

खर्जातला

@शेंडेफळ, पट्टीचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. प्रत्येक गळ्यात काही सूर असे असतात जिथे आवाज आपोआप भरून येतो, आणि त्याच्या वर गेलं की ताण येतो. ताणात सगळे आवाज एकमेकांसारखे व्हायला लागतात, कारण गळा फक्त तो सूर गाठायच्या मागे असतो, रंगाकडे लक्ष द्यायला त्याला सवड नसते. त्यामुळे धाकटी कायम थोरलीच्या पट्टीत गात असेल तर तिचा स्वतःचा रंग दिसणारच नाही. हे मी वरच्या प्रतिसादात लिहायला हवं होतं, राहून गेलं.

धागाकर्तीसाठी एक करून बघण्यासारखं. दोघींनी एकाच गाण्याची एक एक ओळ वेगवेगळ्या खोलीत, आपापल्या सोयीच्या पट्टीत रेकॉर्ड करायची. तानपुरा ॲप आपापल्या सुराला लावायचं, एकमेकींचं ऐकायचं नाही. मग दोन्ही फाइल लागोपाठ ऐकायच्या. तुमच्या दोघींत नक्की किती सूर अंतर आहे ते तिथे कळेल. दोन-तीन सुरांचं असेल तर उत्तम, कारण मग मूळ चाल तिने तिच्या जागेवर गायची आणि तुम्ही वरून तिसरा सूर धरायचा, फिल एव्हर्लीसारखा. तुमच्यासाठी ते अवघड जाईल हे आधीच सांगतो. इतकी वर्षं मूळ चाल तुमच्याकडे होती, कान सारखा तिकडे ओढेल.

आणि 'आ' अजिबात सुधारू नका, तो तुमच्या घरचा आहे.

साधासूर

वाचनखूण साठवली. मी पण भावाला पाठवतोय धागा.

जुनी_तबकडी

शेंडेफळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी थोरली आहे. माझ्या धाकट्या भावाला मी किती वेळा "माझ्यासारखं म्हण, माझ्यासारखं म्हण" म्हटलंय ते आज मोजत बसले. तो आता गात नाही.

गुणगुण_मी

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला लिहायला.

परवा तिचं उत्तर आलं. 'मन क्यूं बहका'बद्दल एवढंच लिहिलं होतं, "यातली दुसरी भारी आहे." मी लगेच काहीतरी लांबलचक लिहायला घेतलं होतं पण दोनतारींचं आठवलं आणि सगळं खोडून फक्त विचारलं, "तुझं काय चाललंय सध्या, ऐकव ना." दोन दिवस काही नाही. आज सकाळी तिने एक ऑडिओ पाठवला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. आम्ही त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गायलेलं तेच गाणं. मी सांगितलं नव्हतं.

तिची पट्टी माझ्यापेक्षा तीन सूर खाली आहे! इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं, कधी विचारलंच नाही, मी हार्मोनियमवर बोट ठेवायचे आणि ती तिथून सुरू करायची. खाली तिचा आवाज जाड आहे, थोडा खरखरीत, मला अनोळखी आणि फार छान. आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर मी श्वास रोखून ऐकत होते, तिने तिथे श्वास घेतला नाही. पूर्ण ओळ एका दमात नेली.

आत्ता मी तिच्या खोलीबाहेरूनच मेसेज केला की वरून तिसरा सूर मी धरून बघू का, चाल तुझीच. उत्तर आलंय, "आधी तू तो पक्का कर, मग ये."

@खर्जातला, तानपुरा तिच्या पट्टीला लावलाय, पण अंतऱ्यात चाल खाली उतरते तिथे मी दर वेळी तिच्या सुरावर घसरतेय. तिथे वरचा सूर कसा धरून ठेवू?

खर्जातला

आधी शब्द नकोत, नुसत्या 'म'कारात गा, तोंड मिटून. एका कानात तिचा ऑडिओ अगदी हळू, दुसरा कान मोकळा ठेवून तिथे हात धरा म्हणजे स्वतःचं ऐकू येईल. उतरताना तिच्या सुराकडे लक्ष न देता तुमच्याच ओळीतला पुढचा सूर आधी मनात म्हणा. आठवडाभर एवढंच. जमलं की शब्द घाला, आणि मग दार वाजवा.